अर्ध्या ब्लेडचे सोयरे

काही वस्तू जातात तेव्हा पावलांचा आवाजसुद्धा होत नाही, आणि परत येतात तेव्हा मात्र ताशा-वाजंत्री लावून येतात. दुधारी पात्याचा रेझर सध्या असा परत आला आहे. तीन पात्यांच्या, पाच पात्यांच्या प्लास्टिकला कंटाळलेली पंचविशी-तिशीतली मुलं आता जड दांडीचं, चकचकीत, तीन तुकड्यांत उलगडणारं ते यंत्र मागवतात. सोबत ब्रश, लाकडी वाटीतला साबण आणि तुरटी. ही तुरटी देखण्या खोक्यात, मऊ कागदात बसून येते. ते पाहून मला तिच्यासाठी फार बरं वाटलं. जन्मभर न्हाणीघराच्या ओल्या कोनाड्यात पडून राहिलेल्या आत्याबाईंना कुणी तरी म्हातारपणी पैठणी नेसवावी, तसं.

पण परत आला म्हणजे आला कुठे? साताऱ्याच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या गणपती पेठेत जाऊन नुसतं ‘ब्लेड द्या’ म्हणून बघावं. शांपूच्या पुड्यांच्या माळेआडून दुकानदाराचा हात न बघताच बरोबर त्या पाकिटावर जातो. ‘परंपरा जपताय वाटतं?’ असं तो विचारत नाही. त्याच्या लेखी कुणी गेलंही नव्हतं आणि कुणी आलंही नाही. ठाण्यात तयार झालेली सुपरमॅक्सची पाती साता समुद्रापलीकडे गेली. इकडे ती गल्ल्याशेजारच्या खिळ्यावर लटकत राहिली. गेलो होतो ते आपण.

आमच्या घरातून हा रेझर गेला नाही, कारण आप्पा होते. आप्पा माझे चुलते, फौजेतून हवालदार होऊन आलेले. सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी हे काही नवल नाही. इथे अपशिंगे नावाचं गावच ‘मिलिटरी’ हे आडनाव लावून मिरवतं, आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जणांची आठवण गावानं दगडात जपली आहे. फौजेनं आप्पांना काय दिलं असं विचारलं, तर ते पेन्शनच्या आधी दाढीचं नाव घ्यायचे. पहाट फुटायच्या आत परसात आरसा खिळ्याला लागायचा. गोदरेजच्या गोल साबणावर ब्रश फिरायचा आणि फेसाला सायीसारखी जाडी आल्याशिवाय थांबायचा नाही. मग दांडी फिरवून वरची टोपी सुटायची. मेणकागदातलं पातं दोन बोटांच्या चिमटीत धरून ते खुंट्यांवर असं बसवायचे, की देवघरात टाक बसवतानाही त्यांचा हात एवढा हळू झालेला मी पाहिला नाही. आधी सुलटा हात, मग उलटा. गाल आतून जिभेनं फुगवायचा. या वेळात त्यांना कुणी काही विचारायचं नाही. विचारलंच तर उत्तर फक्त भुवईनं मिळायचं. पातं बोथट वाटलं की काचेच्या पेल्यात आतून घासून त्याला आणखी चार दिवसांचं आयुष्य द्यायचं. त्यानंतरही ते निवृत्त होत नसे. आमच्या पेन्सिली, काकूंची शिवण उसवणं, पायात मोडलेला काटा, एवढी सेवा झाल्यावरच त्याला सुट्टी.

गंमत अशी की हे पातं जन्मलं ते मुळी फेकून देण्यासाठी. किंग कँप जिलेट हा अमेरिकेतला फिरता विक्रेता. लोक एकदा वापरून टाकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील असं काही तरी शोधून काढ, हा सल्ला त्याला बाटलीच्या बुचांच्या धंद्यातल्या मालकाकडून मिळाला होता. १८९५ मध्ये दाढी करता करता जिलेटला पातळ पात्याची कल्पना सुचली. इतक्या पातळ पत्र्याला धार टिकणार नाही, असं पोलादाचे जाणकार सांगत राहिले. ती टिकवून दाखवली विल्यम निकर्सन या अभियंत्यानं. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या सैनिकांना सुमारे ३५ लाख रेझर वाटले, आणि न्हाव्याची वाट न पाहता रोज स्वतःची दाढी करायची सवय घेऊन ते सैनिक घरी परतले. पुढे कित्येक वर्षं पात्याच्या प्रत्येक वेष्टनावर जिलेटसाहेबांची छबी असे. तिच्यात मिशी आहे. भरदार. जगाच्या दाढ्या उतरवणाऱ्या या गृहस्थानं स्वतःच्या मिशीला धक्का लागू दिला नाही, हे न्यूयॉर्कला कळो न कळो, साताऱ्याला कळतं.

या माणसाचं एक स्वप्नही होतं. स्पर्धा हेच सगळ्या दुःखाचं मूळ आहे, तेव्हा ती मोडावी आणि अवघ्या अमेरिकेनं नायगाऱ्याच्या विजेवर चालणाऱ्या एकाच महानगरात गुण्यागोविंदानं राहावं, असं पुस्तक त्यानं १८९४ मध्ये लिहिलं होतं. ते नगर काही वसलं नाही. वसली ती कंपनी, आणि स्पर्धेत ती भल्याभल्यांची बिनपाण्यानं करत राहिली. वाचताना मला आमचे कर्मवीर अण्णा आठवतात. तेही एके काळचे फिरते विक्रेते. किर्लोस्करवाडीचे नांगर घेऊन भाऊराव पाटील गावोगाव हिंडले. त्यांनाही माणसांना एका छपराखाली आणायचं होतं. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं, आणि ती मुलं एका पंगतीत जेवलीसुद्धा. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र छातीवर रुळणारी पांढरीशुभ्र दाढी. रेझर विकणाऱ्याचं नगर कागदावर राहिलं आणि रेझरची गरजच न पडलेल्याची पंगत उठली, यात काही न्याय असावा असं मला उगीच वाटतं.

सांगलीचं दाढीशी नातं आणखी जुनं, आणि नाटकी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी तिथे ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. पुढे कितीतरी वर्षं मराठी रंगभूमीवरच्या सीता, शकुंतला आणि सुभद्रा पुरुषच होते. इंग्लंडात दुसऱ्या चार्ल्स राजाला नाटक सुरू व्हायला उशीर का, याचं उत्तर ‘राणीसाहेबांची दाढी व्हायची आहे’ असं मिळाल्याची कथा सांगतात. आपल्या नांदीत गणपतीला नमन होतं, सरस्वतीला होतं. वस्तऱ्याला होत नाही, एवढंच.

तो वस्तरा आणि चामड्याचा पट्टा पुढे सलूनमधून गेला तो एड्सच्या धास्तीनं. नव्वदच्या दशकात गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधीच ‘ब्लेड नवं लावा’ म्हणू लागलं. कारागिरांनी तोड काढली. तेच दुधारी पातं कागदासकट मधोमध दुमडायचं, ‘कट्’ असा आवाज येतो, आणि एकाचे दोन होतात. एक अर्धं तुमच्यासाठी दांडीत सरकवायचं, दुसरं कागदात परत ठेवायचं, पुढच्यासाठी. मी सलूनच्या बाकड्यावर बसलो की माझ्या आधीच्या खुर्चीतल्या माणसाकडे जरा आपुलकीनं पाहतो. तो कोण, कुठल्या गावचा, ऊस कुठल्या कारखान्याला घालतो, मला माहीत नसतं. पण आमच्या दोघांचं पातं एक. सोयरीक जमायला लोक याहून कमी कारणं शोधतात. माणसाला आपल्या आरशासमोर एकटं उभं करायला निघालेली ही वस्तू आमच्याकडे येऊन अशी भाऊबंदकीत पडली.

परवा पुतण्या पुण्याहून सांगलीला आला, रेझरच्या खोक्यासकट. प्लास्टिक नको, कचरा नको, पृथ्वीवर ओझं नको, सगळं अगदी मनापासून सांगत होता. केस कापायला आम्ही दोघं निघालो, तर कौतुकानं तो रेझर खिशात घेऊन आला. सोमवार नव्हता, त्यामुळे दुकान उघडं होतं आणि गर्दीही होती. कारागिरानं फडक्याला हात पुसले, रेझर हातात घेतला, तळहातावर वजन पाहिलं, दांडी फिरवली, टोपी काढली आणि आतलं पातं बघितलं.

“वस्तू झ्याक हाय,” तो म्हणाला. मग जरा थांबून, पुतण्याला वाईट वाटू नये अशा बेतानं आवाज उतरवत म्हणाला, “पर दादा, ह्यात एका माणसाला अख्खं ब्लेड लागतंय की ओ!”

बाकड्यावरच्या दोघांनीही मान डोलावली. पुतण्या काही बोलला नाही. कारागिरानं रेझर त्याला परत दिला, ड्रॉवर उघडला आणि कागदातलं मघाचं अर्धं काढून मला खुर्चीकडे बोलावलं.