अंधाराच्या युवराजाची बाजू

ट्रायम्फ स्पिटफायर ही नखरेल ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ साली उभी राहिली ती हेराल्डच्या सांगाड्यावर, आणि हेराल्ड तर १९६१ पासून मद्रासला बनत होती. म्हणजे धुळ्याच्या एखाद्या वाड्यात ताडपत्रीखाली हेराल्ड निघालीच, तर ती स्पिटफायरची सख्खी मावशी समजावी. तिचा दिवा लागेना झाला, की सगळं पाप गाडीचं विजेचं सामान बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या माथी. खुद्द इंग्रजांनीच लुकासला ‘अंधाराचा युवराज’ म्हणून ठेवलंय. मला हा निवाडा एकतर्फी वाटतो. लुकासनं तारांना रंग नेमून दिले होते: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. मग आला म्युझिकल हॉर्न, मग फॉगलाइट, मग डॅशबोर्डावरच्या गणपतीचा लुकलुकता दिवा. हाताशी जी वायर होती ती जोडली गेली, बहुधा लाल. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी बसली. वर खान्देशचा मे! पारा ४५ अंशांवर गेला, की टेपपट्टीचा डिंक ओघळतो. वायरीचं प्लॅस्टिक तर उन्हाळ्यामागून उन्हाळे कडक होत जातं आणि वाकवलं की तडकतं. यात युवराजाचा गुन्हा कोणता?

म्हणून माझं म्हणणं, अख्खा हार्नेसच, म्हणजे वायरींचा सगळा जुडगाच बदलावा. यावर कुणी म्हणेल, आत तांबंच आहे, सडका तुकडा तेवढा बदला. करंटले काय रंग समजस का, भो? नाही समजत. पण रात्री पारोळ्याच्या अलीकडे टेस्ट लॅम्प घेऊन वाकलेल्या माणसाला तो समजावा लागतो. शिवाय तुकडा बदलला की दोन नवे जोड आले, आणि कच्च्या जोडाशी व्होल्टेज सांडतं. बल्बचं व्होल्टेज १० टक्के घटलं, तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास घटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एवढा पैसा ओतून नवा हार्नेस घातला तरी दिवे मिणमिणतेच! होतं असं. हेराल्डची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टनं जोडलेली. करंटला परतीची वाट गंज आणि रंगाच्या थरांतून काढावी लागते. तेव्हा आधी अर्थच्या जागा पॉलिश पेपरनं लख्ख घासाव्यात. जुना हार्नेस लगेच भंगारात देऊ नये. नव्याशेजारी जमिनीवर पसरून फाटा न् फाटा ताडून बघावा. हॉर्न, फॉगलाइट खुशाल काढून टाकावेत. गणपतीच्या दिव्याला मात्र स्वतंत्र फ्यूज द्यावा. तो काढा म्हणायची छाती जळगाव-धुळ्यातल्या कुठल्याही वायरिंगवाल्याला होणार नाही.