सहा फुटांची सूट

मागच्या वर्षी लस टोचल्यावर आमच्या खंडूचं तोंड सुजलं. डोळे बारीक, ओठ लोंबते. थेट भरल्या वांग्याचा अवतार. डॉक्टरांनी लगेच उपाय केला आणि संध्याकाळपर्यंत सूज उतरली. माझी धास्ती मात्र वर्षभर तशीच. त्यामुळे यंदा भुकूमच्या आमच्या सोसायटीत ‘पाळीव कुत्र्यांच्या रेबीज लसीचे दाखले जमा करावेत’ अशी नोटीस लागली, तेव्हा मी जाहीर केलं की खंडूला वैद्यकीय कारणावरून सूट हवी. शाळेत पीटीच्या तासाला पोटदुखीच्या चिठ्ठ्या देऊन सावलीत बसण्याचा माझा अनुभव दांडगा आहे.

आधी वाटलं, आपण पुणे महापालिकेच्या हद्दीबाहेर. तिथला श्वानपरवाना आणि त्याला जोडायचा लसीचा दाखला आपल्याला कशाला लागू होतोय! पण केंद्राच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांना वेशीवरचा चांदणी चौक अडवत नाही. पाळीव प्राण्याचं लसीकरण ही मालकाची जबाबदारी, असं ते सरळ सांगतात. सवलतीचं कलम शोधत रात्री जागलो. ते सापडलं कॅलिफोर्नियात.

लसीने कुत्र्याच्या जिवाला धोका आहे असं पशुवैद्याने लेखी दिलं आणि आरोग्य खात्याने मानलं, तर तिथे 2012 पासून सूट मिळते. तेवढंच पान छापून मी सेक्रेटरींच्या हातात ठेवलं. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त; बारीक टायपातल्या अटी वाचण्यात त्यांची हयात गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली.

“अहो, पुढचं पान द्यायचं राहिलं वाटतं. सूट मिळालेलं कुत्रं कायद्याने लस न घेतलेलंच धरतात. आरोग्य खात्याने ठरवलं तर घरच्या आवारात कोंडून ठेवायचं. बाहेर काढलं तर दोरी सहा फुटांपेक्षा लांब नको आणि ती धरायला प्रौढ माणूस हवा. द्या अर्ज, आजच मंजूर करतो. फक्त तुमच्या घरात प्रौढ माणूस कोण, तेवढं कळवा.”

खंडूला खाटपेवाडीच्या तळ्याकडे मोकळं धावायची सवय. त्या संध्याकाळी प्रयोग म्हणून सहा फुटी दोरी बांधली. वळणावर त्याला खार दिसली. भुकूममध्ये सध्या जिकडेतिकडे बांधकामं, आणि प्रत्येक बांधकामापुढे खडीचा ढीग. त्यातला एक प्रौढ माणसाने छातीवर झेलला.

खरचटलेली कोपरं घेऊन डॉक्टरांकडे गेलो. “साहेब, गेल्या वेळी सेव्हन-इन-वन आणि रेबीज, दोन्ही एकाच दिवशी दिल्या होत्या. सूज कुणामुळे आली, ते ठरलेलंच नाही. या वेळी रेबीजची एकटीच देऊ. आधी अ‍ॅलर्जीचं औषध, नंतर अर्धा तास इथेच बसायचं. मोठं आजारपण असतं तर मीच थांबलो असतो. सुजलेल्या तोंडावर औषध आहे हो. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की काही हातात राहत नाही, याच्याही आणि तुमच्याही.”

हे मलाही कळत होतं. पण मुळात सुईची भीती माझीच. आमच्या लहानपणी कुत्रं चावलं म्हणजे पोटात चौदा इंजेक्शनं! मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती सेम्पल लस 1911 मध्ये कसौलीत निघाली आणि 2005 च्या सुमारास देशात बंद झाली. माझ्या पोटात ती अजून चालू आहे. आता माणसालाही दंडात चार-पाच वेळा टोचून भागतं, हे मी वाचलंय; पोटाला वाचता येत नाही.

खंडूचं सगळं लक्ष टेबलावरच्या बिस्किटांच्या बरणीकडे. डॉक्टरांनी सुई वर धरून हवा काढली, इथपर्यंत मला आठवतं. त्यानंतरचं म्हणजे कंपाउंडरचा आवाज. तो माझ्या फोनवर बायकोशी बोलत होता.

“नाही वहिनी, सूज नाही, काही नाही. कुत्रा टकाटक. साहेबांना जरा आडवं केलंय.”