वरून पाहून आलेले

पूर्वी काशीहून परतणारा माणूस आवडीचं एखादं फळ सोडून यायचा. अंतराळातून परतणारा माणूस देशांच्या सीमा सोडून येतो. निदान बोलण्यातून तरी. "वरून सीमा दिसतच नाहीत हो," हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं, वातावरणाच्या त्या पातळ निळ्या कडेबद्दल. तिसऱ्या वाक्याआधी तो थांबतो, कुठेतरी लांब बघतो आणि "सांगायला शब्दच नाहीत" असं म्हणून पुढचा पाऊण तास सांगत राहतो.

या अवस्थेला 'ओव्हरव्ह्यू इफेक्ट' असं नावही आहे. फ्रँक व्हाइट या अमेरिकी लेखकाने अंतराळवीरांच्या मुलाखती घेऊन १९८७ साली याच नावाचं पुस्तक लिहिलं. त्याला स्वतःला ही कल्पना सुचली ती मात्र साध्या प्रवासी विमानाच्या खिडकीत. खिडकीची जागा मिळाली की माणसाला काहीही सुचतं.

वर जाताना हा गृहस्थ असा नसतो. अपोलो ८ चेच तिघे घ्या. बोरमन आणि अँडर्स हवाई दलातले, लॉव्हेल नौदलातले. रशियाच्या आधी चंद्र गाठायचा म्हणून घाईघाईने पाठवलेले. २४ डिसेंबर १९६८ ला, चंद्राभोवतीच्या चौथ्या फेरीत, अचानक खिडकीत पृथ्वी उगवली. अँडर्स हरखून ओरडले आणि कॅमेऱ्याकडे वळले. त्यावर बोरमननी गमतीत टोकलं की फोटो काढू नकोस, कार्यपत्रिकेत नाही! मग रंगीत रिळासाठी एकच धांदल. जगभर भिंतींवर लागलेला तो फोटो असा कार्यपत्रिकेबाहेर निघाला. अँडर्स पुढे सांगत, की आम्ही चंद्र शोधायला गेलो आणि सापडली पृथ्वी. कार्यपत्रिकेवर चालणाऱ्या माणसाच्या तोंडून असलं काही निघायला लागलं, की समजावं, लागण झाली.

आताच्या अंतराळ स्थानकावर तर लागण व्हायची सोयच करून ठेवली आहे. २०१० मध्ये तिथे सात खिडक्यांचा एक सज्जा बसवला. खाली चारशे किलोमीटरवर पृथ्वी, दीड तासात एक प्रदक्षिणा, दिवसाला सोळा सूर्योदय. कामं मिनिटामिनिटाने आखलेली असतात, म्हणून हा झोपेतून वेळ चोरतो आणि नाक काचेला लावून बसतो. कशासाठी? तर आपलं गाव शोधायला! विश्वबंधुत्व वगैरे नंतर. एवढा मोठा गोल खाली फिरत असताना याची नजर अडकते ती आपल्या मामाच्या तळ्यावर. बरं, वेग ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर. मुंबई-पुणे पंधरा-सोळा सेकंदांत संपतं, खंडाळ्याला चहाला थांबायची सोय नाही. गाव ढगाखाली गेलं की हा दीड तासाने पुन्हा हजर. तोवर खालची पृथ्वी फिरलेली असते आणि गाव बाजूला सरकलेलं.

१९८५ साली शटलमधून गेलेले सौदी राजपुत्र सुलतान बिन सलमान यांनी याचा क्रमच सांगून ठेवला आहे. पहिल्या दिवशी जो तो आपापला देश दाखवत होता, तिसऱ्या-चौथ्या दिवशी खंड, आणि पाचव्या दिवशी फक्त पृथ्वी. मला यातला पहिला दिवस जास्त खरा वाटतो. राकेश शर्मांना तर १९८४ मध्ये पंतप्रधानांनी थेट विचारलं, वरून भारत कसा दिसतो? पंतप्रधान फोनवर असताना कोण "मला फक्त पृथ्वी दिसते" म्हणेल? त्यांनी इक्बालांची ओळ सुनावली आणि देश खूश झाला. नंतर ते नाशिकला एचएएलमध्ये मुख्य चाचणी वैमानिक झाले. वर जाऊन आलेल्या माणसाने पुन्हा विमानं तपासत बसावं, याचं मला फार कौतुक आहे.

सीमा दिसत नाहीत, हे मात्र फक्त दिवसा खरं. रात्री भारत-पाकिस्तानची सीमा दिव्यांच्या नारिंगी रेघेसारखी लखलखताना स्थानकावरून दिसते, तिचे फोटोही आहेत. आपले गृहस्थ व्याख्यानात तेवढं चित्र पटकन पुढे सरकवतात.

दर्शनाने माणूस बदलतो म्हणतात. मला वाटतं, तो जो मुळात असतो तोच जरा जास्त होतो. अपोलो १४ चे एडगर मिचेल यानातूनच, नासाला पत्ता न लागू देता, पृथ्वीवरच्या ओळखीच्यांना मनातल्या मनात आकृत्या पाठवत होते. परतल्यावर त्यांनी १९७३ मध्ये चेतनेचा अभ्यास करणारी संस्थाच काढली. जेम्स अर्विन यांना देव भेटला आणि ते तुर्कस्तानातल्या अरारत पर्वतावर नोहाची नौका शोधायला गेले. चंद्रावरून सुखरूप आलेला हा माणूस १९८२ मध्ये त्या उतारावर पडून चांगला जखमी झाला. अ‍ॅलन बीन आधीच हौशी चित्रकार. त्यांनी नोकरी सोडली आणि पोशाखावरच्या बिल्ल्यांना चिकटलेली चांद्रधूळ रंगात मिसळून चंद्रच रंगवत बसले. आणि बोरमन? ते एका विमान कंपनीचे प्रमुख झाले. कार्यपत्रिका सुटली नाही.

घरी मात्र या गृहस्थाची पंचाईत होते. सवयीने हातातला कप हवेत सोडतो, आणि कप तरंगत नाही. "पृथ्वीसारखं दुसरं काही नाही," असं तो फरशी पुसता पुसता म्हणतो, आणि पुढच्या मोहिमेचा अर्ज भरतो. पेगी व्हिटसन २०१८ मध्ये नासातून निवृत्त झाल्या आणि खासगी कंपनीतर्फे पुन्हा दोनदा वर जाऊन आल्या. दुसऱ्या वेळी आपले शुभांशू शुक्ला सोबत होते.

"एवढी सुंदर आहे ना पृथ्वी?" बायको विचारते. "मग राहा की इथेच."

"इथून ती दिसत नाही गं," तो म्हणतो.