बिनचौकशीची झोप

महाराष्ट्रात झोपेवरचं सर्वांत गाजलेलं भाष्य कुण्या मेंदूविकारतज्ज्ञानं केलेलं नाही, ते इंदापूरच्या हर्षवर्धन पाटलांच्या नावावर आहे. ऑक्टोबर 2021, मावळातल्या एका हॉटेलचं उद्घाटन. भाजपमध्ये आल्यापासून निवांत आहे, चौकशी नाही, काही नाही, शांत झोप लागते, अशा अर्थाचं ते बोलून गेले. आधी समोरचे हसले, मग महाराष्ट्र हसला, आणि रिवाजाप्रमाणे विपर्यास झाल्याचा खुलासाही आला.

औषधशास्त्राच्या नजरेनं ही केस अभ्यासण्यासारखी आहे. डोस घेतला सप्टेंबर 2019 मध्ये. महिना-दीड महिन्यात विधानसभेला दत्तात्रय भरणेंकडून हार. ऑक्टोबर 2024 मध्ये गोळी बदलली, तुतारी चिन्हाच्या पक्षाचं पाकीट आणलं. नोव्हेंबरात निकाल लागला तर समोर पुन्हा भरणेमामाच. झोपेच्या गोळ्यांचं असंच असतं. आधी अंमल बरा, मग सवय, मग ब्रँड बदल, आणि जाग आली की मूळ दुखणं उशाशी मांडी घालून बसलेलं.

पाटलांना हसणं सोपं आहे. आपल्या उशाखालच्या पाकिटाचं काय?

तालुक्याच्या कुठल्याही गावात संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरवर जरा उभं राहावं. ‘झोप येईना हो’ एवढंच निदान पुरतं. बीपी किती, दारू चालू आहे का, रात्री घोरता का, आधीच्या गोळ्या कुठल्या, काही नाही. ‘अर्धी घ्या, नाही लागली तर अख्खी घ्या.’ चौकशी नाही, काही नाही. पाटलांना पक्ष बदलावा लागला, आपलं काम सुट्ट्या पैशांत भागतं.

कायदा मात्र जागा आहे, निदान कागदावर तरी. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही मंडळी औषध नियमांच्या ‘एच-वन’ यादीत बसतात. ही यादी 1 मार्च 2014 पासून लागू झाली. डॉक्टरची चिठ्ठी हवी, वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायला हवं, आणि ते रजिस्टर 3 वर्षं सांभाळायला हवं. काही दुकानांत ते इतकं सांभाळलेलं असतं की त्याला पेनसुद्धा लागू देत नाहीत.

बिनचौकशीच्या या विक्रीचं टोक बघायचं तर मालेगावला जावं. बारामतीकरांनी दचकू नये. आपलं साखर कारखान्याचं माळेगाव वेगळं, हे नाशिक जिल्ह्यातलं यंत्रमागांचं. तिथं अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात आणि पोरं ती नशेसाठी खातात. घरी आजीच्या डबीत बीपीच्या गोळीशेजारी पडलेली ‘शांत झोपेची’ गोळी तीच असू शकते.

आता आजीचंच घ्या. गोळीनं तिला झोप लागते, यात वाद नाही. पण पहाटे तीनला लघवीला उठताना अंमल उतरलेला नसतो. तोल जातो, खुबा मोडतो. डायझेपामसारख्या गोळीचा अंश शरीरात कित्येक दिवस रेंगाळतो, आणि म्हातारपणी यकृत सरकारी कचेरीच्या वेगानं काम करतं. दिवसा आजी पेंगते, नावं विसरते, असंबद्ध बोलते. घरचे म्हणतात, वय झालं. वय झालंच आहे, पण पाकीटही तपासा. वृद्धांना या गोळ्या शक्यतो देऊच नयेत, असं अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे.

वहिनींसाठी वेगळी बातमी आहे. झोल्पिडेम बायकांच्या शरीरातून हळू उतरतं, सकाळी गाडी चालवतानाही अंमल उरतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2013 मध्ये त्यांचा नेहमीचा डोस 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणायला लावला. आपल्याकडे मात्र नवऱ्याला लागू पडली म्हणून तीच गोळी बायकोला. याच औषधवर्गावर 2019 मध्ये तिथं ठळक चौकटीतला इशारा आला: माणसं झोपेत चालतात, स्वयंपाक करतात, गाडीसुद्धा चालवतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. पुढाऱ्यांना आदल्या दिवशीचं भाषण आठवत नाही, त्यामागे मात्र गोळी असतेच असं नाही.

विनोद इथं थांबवावा लागतो. झोपेची गोळी आणि दारू एकत्र गेली की दोन्ही मिळून श्वास मंद करतात, आणि तो थांबूही शकतो. ‘दोन पेग झाले, वर अर्धी घेतली’ असं फुशारकीनं सांगणारा दर वेळी सांगायला उरेलच, याची हमी नाही. जोरात घोरणाऱ्याचा श्वास झोपेत आधीच अडकत असतो, त्यालाही हाच धोका. आणि वर्षभर रोज घेतलेली गोळी हे वाचून आज रात्री फेकून देऊ नका. एकदम बंद केली तर झोप आणखी उडते, हात थरथरतात, फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्या-आठवड्यानं कमी करत उतरायचं असतं. या गोळीत शिरायला चिठ्ठी लागली नाही, बाहेर पडायला मात्र लागते.

गोळीविना इलाज आहे, पण तो कंटाळवाणा आहे. रोज एकाच वेळेला उठायचं. झोप आली तरच अंथरुणावर जायचं, नाही लागली तर उठून बसायचं. दुपारची ताणून द्यायची नाही. 2016 मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं जुनाट निद्रानाशावर आधी ही वर्तनोपचाराचीच वाट सांगितली, गोळी नंतर. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, इंदापूर करत जाते, तेव्हा दिवसभर चाललेला वारकरी ट्रकशेजारी पथारी टाकतो आणि क्षणात घोरतो. अंगमेहनत झोपेचं निम्मं काम करून ठेवते.

पण निम्मंच. मेहनत तर आपला शेतकरीही करतो. त्याला झोप कुठं येते? कृषिपंपाची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची. मग बारा वाजता बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जायचं, बिबट्या दिसू नये म्हणून मोबाईलवर गाणी लावायची. घरी यावं तर हंगामात रस्त्यावरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर जातो, त्याचा टेप असा की सासवडची म्हातारी इंदापुरात नाचेल. कारखान्यात, एमआयडीसीत तिसरी पाळी. सोसायटीचं कर्ज, मुलाचं जमेना, उसाचं बिल येईना. या माणसाचा मेंदू बिघडलेला नाही, तो बरोबर काम करतोय. काळजी असताना जागं राहणं हा त्याचा धर्म आहे. त्याला गोळी देऊन झोपवणं म्हणजे आग लागल्यावर भोंग्याची वायर कापणं.

तेव्हा या भागापुरती एक चिठ्ठी लिहून देतो, मेडिकलवाल्यांनी रजिस्टरात नोंद करून द्यावी.

थ्री फेज लाईट: आठ तास, दिवसा, बाराही महिने. उसाचं बिल: कायद्यात आहे तसं 14 दिवसांच्या आत. ट्रॅक्टरचा टेप: रात्री दहा ते सकाळी सहा पूर्ण बंद. गोळी: हे सगळं देऊनही झोप लागली नाही तर, डॉक्टरांना विचारून, मोजक्या दिवसांपुरती.

पहिली तीन औषधं दुकानात शिल्लक नाहीत म्हणून चौथंच चालवायचं, एवढी बदली मात्र करू नये.