मँचेस्टर रिटर्न

ऑगस्टचा पहिला आठवडा. भिवंडीची हवा अशी, की सोमवारी वाळत घातलेला टॉवेल बुधवारीही ओलाच. अशा दिवसांत धामणकर नाक्यावर एखादा तरुण जाड हुडी घालून, घामाने निथळत, तरीही चेन गळ्यापर्यंत ओढून उभा दिसला, तर ओळखावं की हा परदेशी विद्यापीठात समर स्कूल करून नुकताच उतरला आहे. हुडीवर छातीभर विद्यापीठाचं नाव असतं. चेन उघडली की नावाचे दोन तुकडे होतात. म्हणून ती उघडायची नाही.

दुसरी खूण वडापावच्या गाडीवर पटते. हा पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवून उभा राहतो. भिवंडीत हातभर अंतर म्हणजे रिक्षा घालायला मोकळी जागा. त्या जागेत आधी एक हमाल, मग दोन शाळकरी पोरं, मग दूधवाला असे सगळे येऊन, खाऊन निघूनही जातात. हा मात्र ‘देअर इज अ क्यू’ असं कोणालाच ऐकू जाणार नाही इतक्या सभ्य आवाजात म्हणत राहतो. अखेर वडापाव मिळतो. सुटे पैसे घेताना हा ‘चीअर्स’ म्हणतो. गाडीवाला बिचारा इकडेतिकडे बाटली शोधतो.

गल्लीत त्याला ‘लंडन’ म्हणतात. तो दर वेळी दुरुस्ती करतो, ‘मँचेस्टर. लंडन वेगळं.’ त्यामुळे हल्ली त्याला ‘मँचेस्टर’ म्हणतात. आपणही तेच म्हणू.

मँचेस्टरचं घर काल्हेरच्या बाजूचं. आजोबांची भातशेती. 1982 च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, भोंगे बंद पडले आणि भिवंडीत यंत्रमागांची खडखड वाढली. त्या लाटेत वडिलांनी चोवीस लूम टाकले. पुढे सूत महागलं, कापड पडून राहू लागलं, तेव्हा कारखाना बंद करून शेतावर गाळे बांधले. मुंबईची जकात चुकवायची तर माल वेशीबाहेर उतरवायचा, या हिशेबाने माणकोली, पूर्णा, राहनाळ, दापोडा ही सगळी भाताची गावं गोदामांची झाली. 2017 साली जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं हलली नाहीत; उलट फुगली. आता देशातल्या कोणीही मोबाइलवर चप्पल मागवली, की ती भिवंडीतून निघण्याची शक्यता मोठी. थोडक्यात, आजोबांनी भात पिकवला, वडिलांनी कापड विणलं आणि आता घरात भाडं येतं. समर स्कूलला जायला जी आर्थिक पार्श्वभूमी लागते, ती ही.

कल्पना आली ठाण्याच्या सेमिनारातून. हॉटेलचा वातानुकूलित हॉल, फुकट कॉफी, हातात गुळगुळीत फोल्डर. परदेशी विद्यापीठांचं वर्ष मे-जूनमध्ये संपतं, मुलं घरी जातात, वसतिगृहं ओस पडतात, प्राध्यापकांनाही थोडी जादा कमाई नको असते असं नाही. मग तीन-चार आठवड्यांचे अभ्यासक्रम आखतात आणि जगभरच्या पोरांनी खोल्या भरतात. लग्नाचा मोसम नसताना कार्यालयवाले प्रदर्शनं भरवतात, त्यातलाच हा प्रकार. सेमिनारात अर्थात हे असं सांगत नाहीत. तिथे ‘ग्लोबल एक्सपोजर’ हे शब्द येतात आणि वडील लोक वहीत लिहून घेतात.

मोसमाचा एक घोटाळा मात्र कोणाच्याच लक्षात येत नाही. आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेमध्ये संपते आणि त्यांचा उन्हाळा जुलैत लागतो. म्हणजे कॉलेज नुकतं सुरू झालेलं, हजेरीचा नियम पंचाहत्तर टक्क्यांचा, कामवारी नदी दुथडी भरून वाहतेय, आणि चिरंजीव उन्हाळी वर्गाला निघालेले. तेही कुठे, तर मँचेस्टरला, जे शहर इंग्लंडात पावसासाठीच बदनाम आहे. तिथल्या दमट हवेत सुताचा धागा कमी तुटतो, म्हणून तर तिथे कापडाच्या गिरण्या फोफावल्या असं सांगतात. भिवंडीतला पाऊस त्यांच्या दुपटीहून जास्त. पण तो फुकट आहे.

कागदपत्रांनी घर पंधरवडाभर हादरलं. इतक्या छोट्या अभ्यासक्रमाला विद्यार्थी व्हिसा लागत नाही, सहा महिन्यांपर्यंतचा साधा व्हिजिटर व्हिसा चालतो, हे कळल्यावर वडिलांना आधी फसवल्यासारखं वाटलं. ‘म्हणजे पोरगा शिकायला चाललाय की फिरायला?’ समुपदेशक बाईंनी दोन्हींच्या मधला एक इंग्रजी शब्द वापरला. मग बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आलं. वडील म्हणाले, ‘मॅडम, आकडा सांगा, उद्या एकदम भरतो.’ बाई म्हणाल्या, एकदम भरलेलं चालत नाही, हळूहळू साठलेलं दिसलं पाहिजे. ज्या माणसाने उभं आयुष्य कापड बाजारात नव्वद दिवसांच्या उधारीवर काढलं, त्याला हळूहळू साठणं ही कल्पनाच नवी होती.

अर्जासोबत निबंध लागतो, मी का येऊ इच्छितो. मँचेस्टरने पहिल्याच ओळीत लिहिलं, की मी भारताच्या मँचेस्टरमधून येतो. वाक्य झकास होतं. फक्त वर्गात ओळखपरेड सुरू झाली तेव्हा अहमदाबादची मुलगी उठली आणि म्हणाली, मी भारताच्या मँचेस्टरची. मग कोइमतूरचा मुलगा उठला, तो दक्षिण भारताच्या मँचेस्टरचा. कानपूरचा एक होता, तो पूर्वेच्या मँचेस्टरचा. आणि मागच्या बाकावरून इचलकरंजीच्या पोराने मराठीतच सांगितलं, ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर आमचं, तू खाली बस.’ प्राध्यापकांना पहिल्यांदा वाटलं की ही मुलं शहराचं कौतुक करतायत. ते स्वतः लीड्सचे होते.

पण मी पुढे गेलो. निघतानाची आजी राहिली. आजी पक्की आगरी. तिने नातवाच्या बॅगेत सुकट, सुके बोंबील आणि तांदळाचं पीठ भरलं आणि विचारलं, ‘बाला, तिकरं भात मिलतो का रं?’ ‘मिळतो गं आजी.’ ‘आनि मावरा?’ ‘फिश अँड चिप्स मिळतात.’ आजीने ते पदार्थ कसे करतात ते नीट ऐकून घेतलं आणि आणखी एक पुडा बोंबील बॅगेत घातला. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात ते बोंबील पहिल्या रविवारी भाजले गेले. आगीची घंटा वाजली, सहा मजली इमारत रिकामी झाली आणि नऊ देशांचे विद्यार्थी पावसात अंगणात उभे राहिले. ग्लोबल एक्सपोजर म्हणतात ते त्या संध्याकाळी सगळ्यांना सारखंच मिळालं.

विषय होता जागतिक पुरवठा साखळी. तिसऱ्या दिवशी पडद्यावर भारताचा नकाशा आला, मुंबईच्या डोक्यावर एक लाल ठिपका. प्राध्यापक म्हणाले, ही आशियातल्या मोठ्या गोदाम-केंद्रांपैकी एक जागा, हिचा उच्चार मला जमत नाही. मँचेस्टर उभाच राहिला. माझं घर! प्राध्यापकांना आनंद झाला. त्यांनी विचारलं, मग सांग, माल उतरल्यापासून बाहेर पडेपर्यंत तिथे काय काय होतं? मँचेस्टर दसऱ्याची पूजा सोडली तर गाळ्यात कधी गेला नव्हता. त्याने बाकाखालून वडिलांना मेसेज टाकला, ‘पप्पा, आपल्या गोदामात रोज नक्की काय येतं?’ उत्तर आलं, ‘रोज नाय. एक तारखेला. भाडं.’

आता ती क्वारी बँकची सहल. मँचेस्टरजवळ स्टायल गावी सॅम्युअल ग्रेग याने 1784 मध्ये काढलेली ही कापूस गिरणी आज संग्रहालय आहे. तिकीट काढून आत गेलं की जुने माग चालवून दाखवतात. अनाथ पोरांना कामाला ठेवून त्यांच्यासाठी बांधलेलं घरही दाखवतात. तिथून बरी हे गाव फार लांब नाही; धावता धोटा 1733 साली काढणारा जॉन के तिकडचाच. मँचेस्टरने मागाचा व्हिडिओ काढला, खाली ‘अमेझिंग हेरिटेज’ लिहिलं आणि घरी पाठवला. वडिलांचा लगेच फोन.

‘त्या लूमचा पिकरचा पट्टा ढिला झालाय. आवाज ऐक. सांग त्यांना.’

‘पप्पा, ते म्युझियम आहे.’

‘म्युझियम असलं तरी धोटा उडून कोणाच्या तरी तोंडावर बसंल. सांग.’

त्याने भीतभीत सांगितलं. गाइड बाईंनी मेकॅनिकला बोलावलं. पट्टा खरोखर ढिला होता. बाई भारावून म्हणाल्या, तुझे वडील वस्त्रोद्योगाचे इतिहासकार आहेत का? मँचेस्टरने क्षणभर विचार केला आणि हो म्हणाला. रात्री वडिलांनी विचारलं, तिकीट कितीचं? पौंडाचे रुपये करून सांगितल्यावर फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, ‘आणि मी चोवीस लूम किलोच्या भावानं भंगारात घातले.’

एका शनिवारी ही मंडळी लंडनला गेली. राजवाडा, घड्याळ, पूल हे नेहमीचं झालं. मग मँचेस्टर एकटाच 10, किंग हेन्रीज रोड शोधत गेला. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये या घरात राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. पोटाला चिमटा काढून, ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचत बसलेला माणूस तिथून डी. एस्सी. घेऊन आला. तिथे फोटो काढताना आपण हुडीची चेन पूर्ण उघडली होती, असं त्याने मला सांगितलं. मी फोटो पाहिला. खरं आहे. आपल्या शेजारच्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1883 साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या, अमेरिकेला पोचायलाच त्यांना दोन महिन्यांच्या आसपास लागले, आणि 1886 मध्ये डॉक्टर होऊनच त्या परतल्या. मँचेस्टरचा सगळा अभ्यासक्रम, एडिनबरोच्या सहलीसकट, तेवढ्या वेळात दोनदा झाला असता.

परतल्यावर त्याला पहिली अडचण वडिलांच्या आवाजाची आली. तीस वर्षं लूमच्या खात्यात काढलेला माणूस. त्याचं गुपितसुद्धा अंजूरफाट्यापर्यंत ऐकू जातं. ‘पप्पा, लो व्हॉइस प्लीज.’ ‘मी हळूच बोलतोय!’ असं वडील म्हणाले आणि समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली. मग मँचेस्टरने लँकेशायरची गोष्ट सांगितली, की तिथल्या गिरणी कामगारिणी गोंगाटात नुसत्या ओठांच्या हालचालींनी बोलत, त्याला मी-मॉइंग म्हणत, केवढा तो सांस्कृतिक वारसा! वडील म्हणाले, ‘आमचा मुकादम नुसत्या भुवयांनी आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. त्याला कोण वारसा म्हणतं?’

बाकी लक्षणं ठरलेली. तो पाण्याला चव आहे म्हणतो. कल्याण नाक्यावर रस्ता ओलांडताना गाड्या थांबतील म्हणून थांबतो आणि शेवटी रिक्षा करून पलीकडे जातो. चुलतभावाच्या हळदीला त्याने डीजेच्या डेसिबलविषयी दोन-तीन काकांना माहिती दिली. काकांनी ‘काय?’ ‘काय?’ करत ती ऐकली. पुढचं गाणं कोळीगीत लागलं तेव्हा माहिती देणारा मधोमध नाचत होता, हुडीसकट.

त्याच्या तीन आठवड्यांचं काय झालं ते मात्र पाहण्यासारखं आहे. तो स्वतः ‘यूकेमध्ये शिकत असताना’ असं म्हणतो, यात खोटं काही नाही. आई मैत्रिणींना ‘समर तिकडेच काढला’ असं सांगते, म्हणजे तीन महिने झाले. मामाने तयार केलेल्या लग्नाच्या बायोडेटात शिक्षणापुढे कंसात यूके आलं. आणि वडील, जे निघताना फिरायला चालला की काय म्हणून चिडले होते, ते परवा माणकोलीच्या चहावाल्याला सांगत होते, पोरगा दोन वर्षं इंग्लंडला होता. सांगत होते म्हणजे माणकोलीतल्या सगळ्यांनाच.

एक गोष्ट त्याच्या नावावर लिहिली पाहिजे. तिथून आल्यावर तो पहिल्यांदा आपल्या गाळ्यावर जाऊन पूर्ण दिवस बसला. ट्रक एकमेकांच्या अंगावर घालून रात्रभर हॉर्न वाजवायचे, क्लीनरांची मारामारी व्हायची. याने पत्र्याचे बिल्ले करून आणले, त्यांवर आकडे रंगवले आणि येईल त्या ड्रायव्हरच्या हातात एक एक दिला. पहिले दोन दिवस ड्रायव्हर हसले. तिसऱ्या दिवसापासून ट्रक नंबराने लागू लागले. वडापावच्या गाडीवर त्याला कोणी रांग मानून दिली नाही, पण दहा चाकी गाड्या मानतात.

तेव्हा येत्या लग्नसराईत भिवंडीकडचं एखादं स्थळ आलं आणि शिक्षणापुढे कंसात परदेश दिसला, तर मुलीकडच्यांनी घाबरू नये नि हुरळूही नये. पासपोर्ट मागून दोन शिक्क्यांच्या तारखा बघाव्यात. आणि जमल्यास एकदा गाळ्यावर जाऊन ते बिल्लेही.