दहाची नोट, चाळीसला

माझा अहंकार फार स्वस्तात पोसला जातो. दहाच्या नोटेवर 786 दिसले की दिवस सार्थकी लागतो. भाजीवाल्याने सुट्टे परत दिले की मी मेथी बघत नाही, नोटांचे आकडे बघतो. रांगेतल्या मागच्या बाईंना वाटतं, एवढा शिकलेला माणूस आणि वीस रुपये तीनतीनदा मोजतोय! त्यांना काय सांगणार, की मी गुंतवणूक करतोय म्हणून?

नोटा जमवून ऑनलाइन विकण्याचा हा धंदा कागदावर फार देखणा आहे. दहाची नोट दहाला मिळते आणि चाळीसला जाते, म्हणजे तीनशे टक्के नफा. एवढा परतावा शेअर बाजारात मिळाला तर सेबीची माणसं दारात येतील. मग त्यातून संकेतस्थळाचं कमिशन जातं, प्लॅस्टिकचं पाकीट जातं, नोट दुमडू नये म्हणून लावलेले पुठ्ठे जातात आणि कुरिअर तर बाकी सगळंच घेऊन जातं. पुठ्ठे मी मिठाईच्या खोक्यांतून कापतो, म्हणून तो खर्च शून्य धरतो. मिठाई हिशेबात धरत नाही. एवढं होऊन उरतो तो टपरीवरचा कटिंग चहा. आणि गिऱ्हाईक विचारतं, "फायनल किती? पाच घेतल्या तर?"

मूळ दुखणं गणिताचं आहे. नोटांचे क्रमांक एका मालिकेत 000001 पासून 1000000 पर्यंत धावतात. त्यात 786 हे आकडे सलग कुठे ना कुठे आलेल्या नोटा निघतात 3999. (786786 ही नोट दोनदा मोजली जाते, ती मी वजा केली आहे. याचं कोणी कौतुक केलं तर माझी हरकत नाही.) नाशिक, देवास, म्हैसूर, सालबोनी इथून अशा मालिका बारमाही बाहेर पडत असतात. खरी दुर्मीळ नोट म्हणजे 111111 सारखी. तशा दहा लाखांत फक्त नऊ. त्या गड्डी फोडणाऱ्या पहिल्याच हाताला चिकटतात, माझ्या भाजीवाल्यापर्यंत येत नाहीत.

म्हणून मी आकड्यांवरून सह्यांवर आलो. आकडे कोणालाही दिसतात, सह्यांना व्यासंग लागतो. आणि काय एकेक सह्या! रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. बँक सुरू झाली 1935 साली, तिची पहिली नोट निघाली जानेवारी 1938 मध्ये, आणि हे गृहस्थ त्याआधीच राजीनामा देऊन मोकळे! उलट अमिताभ घोष 1985 मध्ये उणेपुरे वीस दिवस त्या खुर्चीत होते, पण त्यांच्या सहीची दहाची नोट संग्राहक आजही शोधत फिरतात. मनमोहनसिंगांची सही तर दोन नात्यांनी भेटते. एक रुपयाची नोट सरकार काढतं, तिच्यावर अर्थसचिवाची सही असते. ते सचिव होते तेव्हा तिच्यावर, आणि पुढे गव्हर्नर झाल्यावर मोठ्या नोटांवर. आणि आपले चिंतामणराव देशमुख! रायगडातल्या नाते गावी जन्मलेल्या माणसाची सही, आणि त्याच नोटेवर सहाव्या जॉर्जचा मुखडा. ही नोट मी एका प्रदर्शनात काचेतून पाहिली आणि विक्रेत्याला उगाचच म्हणालो, "आमच्याकडचे हो." माझं गाव नात्याहून एसटीने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर आहे.

सह्यांचा हा सोस जुना आहे. शाळेत वहीच्या शेवटच्या पानावर मी भावी गव्हर्नरची सही गिरवत असे. तीच सही आता बँकेत जुळत नाही आणि माझे चेक परत येतात.

कायद्यानेही माझी पायरी दाखवून दिली आहे. बाद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा, 2017 च्या कायद्याप्रमाणे, सामान्य माणसाला दहापर्यंत ठेवता येतात. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी मात्र पंचवीस. त्या पंचवीसवाल्यांत बसायची मला फार हौस. घर धुंडाळल्यावर निघाली एक, गव्हाच्या डब्याखालच्या वर्तमानपत्रात. बायको म्हणाली, "ठेवा. करा अभ्यास."

माझं हे ज्ञान कोणी मनापासून मागितलं ते एकदाच. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी मोबाइलच्या कव्हरमधून घडी घातलेली पाचची नोट काढली. तिच्यावर ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी.

"दादा, हिला पाच लाख येतात म्हणे. व्हिडिओत दाखवलं. नातीच्या नर्सिंगच्या फीला झाले असते."

व्हिडिओतल्या नंबरावर त्यांनी फोन लावला होता. पलीकडच्याने आधी नोंदणीचे पैसे मागितले, मग कराचे, आणि विश्वास बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाचं एक पत्रही पाठवलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं होतं की असल्या व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि ती कसलंही शुल्क मागत नाही. ते पत्रक मावशींच्या फोनवर कधी पोचलं नाही, व्हिडिओ बरोबर पोचला. मावशींनी पैसे भरले होते. किती, ते त्या बोलल्या नाहीत आणि मला विचारवलं नाही. त्या माणसाला मी मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथे छापता येणार नाहीत. पण शिव्या घालताना हेही आठवत होतं की माझ्या स्वतःच्या जाहिरातीत, 3999 चं गणित पाठ असूनही, मी 'अतिदुर्मीळ' असंच लिहितो.

"मावशी, हिचे पाचच."

"कोरी असती तर?"

"तर थोडे वर. पण लाख नाहीत." एवढं बोलून मी सवयीने नोट उजेडात धरली. "थांबा हं, सही कोणाची आहे बघू."

"सही कोणाची का असंना. बाजारात चालती ना?"

"चालते."

"मग द्या इकडं. उद्याला कोथिंबीर आणायचीय."