फायद्यापुरता भागीदार

कुमारवयीन मुलांना पैशाचे व्यवहार, उद्योजकता आणि एकूणच जगण्याची कौशल्ये शिकवली पाहिजेत, याविषयी महाराष्ट्रातील पालक, शिक्षक आणि शासन यांच्यात जेवढे एकमत आढळते तेवढे अन्य प्रश्नांवर क्वचितच आढळत असेल. मतभेद उरतो तो हे शिक्षण कोणाच्या पैशाने द्यावे, एवढ्याच किरकोळ मुद्द्यावर.

राज्य मंडळाने आपली बाजू सांभाळली आहे. इयत्ता दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण असून त्यात वस्तू व सेवा कर, शेअरची दर्शनी किंमत म्हणजे त्यावर नोंदलेली मूळ किंमत, बाजारभाव म्हणजे तो प्रत्यक्षात ज्या दराने विकला जातो ती किंमत, दलाली, त्या दलालीवरचा जीएसटी आणि म्युच्युअल फंडातील एसआयपी हे सारे उदाहरणांसह येते. शंभर शेअरवरील दलाली पैशापर्यंत अचूक काढणाऱ्या या विद्यार्थ्यास घरचे विजेचे बिल किती येते असे विचारले असता तो ‘ते बाबा बघतात’ असे उत्तर देतो. या अज्ञानाचे खापर एकट्या त्याच्या माथी फोडणे न्याय्य होणार नाही, कारण मध्यमवर्गीय घरात पगाराचा आकडा दबक्या आवाजात उच्चारण्याची रीत आहे आणि मूल खोलीत येताच गृहकर्जाच्या हप्त्याची चर्चा तत्काळ त्याच्या वाढलेल्या केसांवर वळवली जाते.

या शिक्षणाचे प्रात्यक्षिक म्हणजे शाळेचा आनंद मेळावा. पटांगणात बाके मांडून भरवलेल्या या एका दिवसाच्या बाजारात विद्यार्थी विक्रेते असतात, पालक व शिक्षक गिऱ्हाईक असतात आणि उद्‌घाटनाला आलेले पाहुणे पैसे न देता खातात. आठवीतील चार मुलांच्या भेळेच्या स्टॉलचा जमाखर्च उदाहरणादाखल तपासला, तर या बाजाराचे अर्थशास्त्र उलगडते. कुरमुरे आणि फरसाण एकाच्या आईने आणलेले असते, चिंच दुसऱ्याच्या आजीने आदल्या रात्री भिजत घालून कोळलेली असते, कांदा तिसऱ्याच्या घरी पहाटे चिरला जातो, आणि चौथा, ज्याच्यापाशी कल्पनेखेरीज काहीच नसते, तो ओघानेच व्यवस्थापक होतो. दहा रुपयांस एक या दराने दुपारपर्यंत चौसष्ट बश्या खपल्या की वहीत ‘विक्री ६४०, खर्च ०, नफा ६४०’ अशी नोंद होते आणि वर्गशिक्षिका तिच्याखाली ‘छान’ असा शेरा मारतात. अर्थशास्त्रात ज्याला अव्यक्त खर्च म्हणतात, म्हणजे जो कोणीतरी सोसतो परंतु वहीत कोठेच चढत नाही असा खर्च, त्याचे उदाहरण म्हणून बोटांना कांद्याचा वास असलेली एक संपूर्ण व्यक्ती समोरच्या रांगेत बशी हातात घेऊन उभी असते, आणि तिच्याकडूनही दहा रुपये घेतले जातात.

अलीकडे स्टॉलवर क्यूआर कोडही लागतो. तो अर्थातच एखाद्या भागीदाराच्या वडिलांचा असतो, त्यामुळे भेळेचे पैसे बव्हंशी एका वडिलांच्या खात्यातून दुसऱ्या वडिलांच्या खात्यात जातात आणि संध्याकाळी उरलेले तीन भागीदार या दुसऱ्या वडिलांच्या दारात येऊन उभे राहतात. वसुली हे धंद्यातील सर्वांत अवघड अंग. मेळाव्यात खरोखर शिकले जाते ते एवढेच, आणि तेही अभ्यासक्रमाबाहेर.

याहून ‘उरलेले सुटे’ ही जुनी संस्था कितीतरी शास्त्रशुद्ध होती. दळण किंवा कोथिंबीर आणण्यास पाठवलेल्या मुलाने शिलकेतील जो अंश स्वतःपाशी ठेवावा आणि घरच्यांनी कळूनही न कळल्यासारखे करावे, त्या अंशास ही संज्ञा लावता येईल. त्यापायी मूल चार ठिकाणी भाव विचारी, घासाघीस करी, आणि जुडी खरोखर कितीला मिळाली व घरी कितीला सांगावी यांतील अंतर तोलताना त्याला बाजाराची आणि आईच्या स्मरणशक्तीची एकदमच जाण येई. गिरणीवाल्याला अठ्ठावीस रुपये नेमके अठ्ठावीसच, तेही वडिलांच्या फोनवरून, जाऊ लागल्यापासून ही संस्था डबघाईला आली असून तिच्या जागी उद्योजकता शिबिरे भरू लागली आहेत, ज्यांची फी आगाऊ घेतली जाते.

कायदेपंडितांना मात्र हा प्राणी पूर्वीच ओळखू आला होता. अज्ञान व्यक्तीने, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीने, केलेला करार मुळातच रद्दबातल होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली कलकत्त्याच्या एका सावकारी खटल्यात दिला आणि सावकाराचे पैसे बुडाले. तेव्हा ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाने नेलेले पाचशे रुपये परत येत नाहीत, याची तक्रार पालकांनी निदान आश्चर्याच्या सुरात करू नये. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ याचे कलम ३० त्याहून सूक्ष्म आहे. अज्ञान व्यक्तीस भागीदार होता येत नाही, परंतु सर्व भागीदारांची संमती असल्यास तिला भागीदारीच्या फायद्यात सामील करून घेता येते. अशी व्यक्ती नफ्यात वाटा घेते, मात्र पेढीच्या देण्यांस व्यक्तिशः बांधील नसते. मसुदा करणाऱ्याच्या घरी त्या सुमारास नववीतले एखादे अपत्य असावे, असा तर्क पुराव्याअभावीही करावासा वाटतो. त्याच कलमाने या व्यक्तीस पेढीचे हिशेब पाहण्याचा हक्कही दिला आहे, आणि घराघरांतून नेमकी तेवढीच तरतूद गाळली जाते: मोबाइल मिळतो, क्लास मिळतो, गोव्याची सहल मिळते, हिशेब तेवढे मिळत नाहीत, आणि मग मुलाला पैशाची किंमत नाही म्हणून चारचौघांत उसासे टाकले जातात.

या कलमाचा शेवट विशेष अभ्यसनीय आहे. सज्ञान झाल्यापासून, किंवा आपणास फायद्यात सामील केले गेले होते हे कळल्यापासून, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीने भागीदार व्हायचे की नाही हे जाहीर नोटीस देऊन कळवायचे असते. न कळवल्यास ती मुदत संपताच आपोआप भागीदार ठरते. पहिली तारीख जन्मदाखल्यावरून काढता येते. दुसरी साधारणपणे, स्वतःच्या मुलाच्या शाळेतून मेळाव्यासाठी दोन किलो कुरमुरे, एक किलो फरसाण आणि बारीक चिरलेला कांदा उद्या सकाळी सातपर्यंत पाठवण्याविषयीची चिठ्ठी येते, त्या रात्रीची असते.